जिंकेल त्याचं अंडं

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्यासमोर एक पोर टांगलेलं होतं. टांगलेलं म्हणजे खरोखरच. अंगणवाडीत महिन्यातून एकदा मुलांची वजनं घ्यायची असतात. आढ्याला काटा अडकवायचा, काट्याला झोळी, झोळीत पोर. पोर रडत होतं, काटा हलत होता, आणि दारात एसटीडी बूथवाल्या मावशी पदर सावरत उभ्या होत्या. "सुजाता, कराडास्नं फोन आलाय. तुजं वडील... गेलं म्हनं." मी म्हटलं, "एक मिनिट." काटा थांबेपर्यंत थांबले, आकडा वाचला, तक्त्यावर ठिपका दिला, पोर त्याच्या आईच्या हातात दिलं आणि मग खाली बसले. मावशींनी नंतर गावभर सांगितलं की बाई दगडाची आहे. त्यांचं काही चुकलं नाही. मी अण्णांची मुलगी आहे, आणि माप पुरं झाल्याशिवाय हातातलं सोडायचं नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे चांगलंच बोलतात. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, त्यामुळे सगळे एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणतात: तुमच्या वडिलांनी पोरांच्या तब्येतीकडे किती लक्ष दिलं हो, तेव्हा कोण देत होतं? खरं आहे, कोणीच देत नव्हतं. आमच्या गल्लीतली बाकीची पोरं सकाळी सातपर्यंत झोपत, उठल्यावर चहात बटर बुडवून खात आणि शाळेत जात. सुखात होती बिचारी.

अण्णा टेलर होते. कराडात स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. एक मशीन, एक फळी आणि गळ्यात टेप. त्यांना माणूस दिसायचाच इंचांत. "आज एक बेचाळीस आला हुता," ते जेवताना आईला सांगायचे, "छाती कसली म्हनतीस, दार भरलं!" त्यांची स्वतःची उंची पाच फूट एक इंच. माझा आजा पलटणीत होता. त्याचा पांढरा, निळ्या काठाचा एनॅमलचा मग आमच्या घरात देवासारखा फळीवर असायचा. शेजारी बाबासाहेबांची तसबीर आणि त्याखाली तो मग. अण्णाही तरुणपणी भरतीला गेले होते. उंची मोजायच्या दांडीखाली उभे राहिले, तिथल्या माणसाने खांद्याला धरून बाजूला सारलं आणि पुढच्याला बोलावलं. एवढंच. एक शब्दही बोलला नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. त्यानंतर त्यांनी जन्मभर सुट्टीवर आलेल्या जवानांचे युनिफॉर्म कमी-जास्त करून दिले. स्वतः रोज दोनशे बैठका मारायचे. उंची वाढायचं वय निघून गेलं होतं, पण मुलांचं अजून यायचं होतं.

आम्ही दोघं. अशोक माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, तरी मी त्याला नावानेच हाक मारायची. नव्वद सालच्या सुमाराला, तो तेरा आणि मी बारा वर्षांची असताना, अण्णांनी आम्हाला पळवायला सुरुवात केली. पहाटे पाचला सायकलची घंटा वाजायची. घरापासून कोयनेच्या पुलापर्यंत आणि परत. आम्ही पुढे, अण्णा मागे सायकलवर. पाय मंदावला की घंटा. मारायचे नाहीत. अण्णांनी आम्हाला उभ्या जन्मात बोट लावलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांना गरज पडली नाही.

कारण अंडं होतं. रोज संध्याकाळी दुकान बंद करून येताना अण्णा शर्टाच्या खिशात एक अंडं घालून आणायचे. सायकलवरून, खड्ड्याखड्ड्यांतून, कधी फुटू दिलं नाही. ते रात्रभर आजाच्या मगात ठेवलेलं असायचं. सकाळी पळून आल्यावर जो पहिला दाराला हात लावेल त्याच्यासाठी आई ते फोडायची. कच्चं, गरम दुधात, वर साखर. दुसऱ्याला चहा. एकदा आईने भीत भीत विचारलं, "आवं, दोन आनली तर?" अण्णा म्हणाले, "दोन आनली तर दोगंबी चालत येतील." आईने पुन्हा विचारलं नाही.

पहिल्या दिवशी मी जिंकले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी अशोक पुलापर्यंत पुढे होता, परतताना मी त्याला गाठलं. मग ते तसंच सुरू राहिलं. मी त्या वयात उसासारखी वाढत होते, पाय लांब होते, आणि मला पळायला आवडत होतं... हे लिहायला आज लाज वाटते, पण आवडत होतं. कानात वारा भरायचा, मागून अशोकची धाप ऐकू यायची, त्याच्याही मागून अण्णांचा आवाज. "पोरगी म्होरं गेली बग! लाज वाटती का रं? पोरगी म्होरं गेली!" ते अशोकला म्हणत होते. मी मात्र ते माझं कौतुक समजायची. एकदा रस्त्यात दूधवाल्याने विचारलं, ही कोण हो? अण्णा म्हणाले, "माजी पोरगी हाय. हिच्या म्होरं एसटी बी न्हाई जायाची." त्या एका वाक्यावर मी महिनाभर पळले असेन.

त्यांनी माझ्यासाठी खाकी कापडाची हाफ पँट शिवली होती, गुडघ्यापर्यंतची, वर सदरा. अशोकच्या आधी माझी शिवली. गल्लीतल्या बायका बोलल्या, तेव्हा हातातली कात्री न ठेवता म्हणाले, "तुमी तुमच्या पोरींस्नी लुगडी नेसवा, मी न्हाई म्हनलंय का?" रविवारी आम्हा दोघांच्या पायांना तेल लावून रगडायचे. पोटऱ्यांवर त्यांच्या अंगठ्याचा दाब आजही सांगता येईल, किती आणि कुठे. मग चौकटीला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची आणि कात्रीच्या टोकाने लाकडात खूण करायची. माझ्या खुणा भराभर वर चढल्या. अशोकच्या खाली रेंगाळल्या. अण्णा त्या खुणांकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "जिंक की रं एकदा. जिंकलास की अंडं तुजं. अंडं पोटात गेलं की वाडशील. वाडलास की जिंकशील." बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळत असावं की हे कुठेतरी चुकतंय, पण नियम केला होता, आणि नियम मोडला तर पोरगा ऐतखाऊ होईल ही भीती उंचीपेक्षा मोठी होती.

एका दिवसाचं मात्र सांगितलंच पाहिजे. तेवढ्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले.

आईने चोरून दुसरं अंडं आणायला सुरुवात केली होती. शेजारच्या फातिमाचाचींकडे कोंबड्या होत्या. आई त्यांच्याकडून आणायची, भाताच्या पातेल्यात उकडायची आणि अण्णा दुकानात गेल्यावर अशोकला द्यायची. टरफलं पाणी तापवायच्या चुलीत, राखेखाली. मला ठाऊक होतं. दोन-तीन आठवडे मी काही बोलले नाही. मग एका सकाळी पळताना अशोक माझ्या बरोबरीने आला. दारापर्यंत आम्ही खांद्याला खांदा लावून आलो आणि मी अर्ध्या पावलाने जिंकले. मी दूध प्यायले, मग खाली ठेवला, आणि मला भीती वाटली. खरीखुरी भीती, की उद्या हा जिंकेल. मग उद्या माझं काय? अण्णा मशीनला तेल घालत होते. मी जवळ गेले आणि म्हणाले, "अण्णा, चुलीत टरफलं हायत."

अण्णांनी राख उकरली. टरफलं हातावर घेतली, आईकडे बघितलं, ओरडले नाहीत. अशोकला अंगणात बोलावलं. "फुकटचं खाल्लंस. आता कमव." तीनशे बैठका. अण्णा मोजत होते, अगदी शांत, टेपने माप घेताना मोजायचे तसे. आई दारात उभी होती, मी तिच्या मागे. शंभरच्या पुढे अशोकचे पाय थरथरायला लागले. दीडशेला तो वाकला आणि अंगणात ओकला. दूध नव्हतंच त्यात, नुसतं पिवळं पाणी. अण्णा म्हणाले, "बग, फुकटचं अंगाला लागत न्हाई." मग स्वतः बादली आणून अंगण धुतलं. संध्याकाळी अशोकच्या पायांना तेल लावायला बसले, तर त्याने पाय आवरून घेतले. आईने त्यानंतर अंडं आणलं नाही. त्या दिवसापासून माझी वेणी घालणं तिने सोडलं. माझी मी घालायला शिकले.

माझं नाव सुजाता. उपाशी तपस्व्याला खिरीची वाटी देणारी सुजाता, तिच्यावरून ठेवलेलं. आमच्या घरात मात्र उपाशी शेजारी उभा होता आणि वाटी मी पीत होते.

पंधराव्या वर्षी माझं पळणं थांबलं. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. पहाटे घंटा वाजली, मी उठून हाफ पँट शोधायला लागले, ती जागेवर नव्हती. अण्णा दारात सायकल धरून उभे. "तू न्हाई. तुजं बास झालं. आईला भाकरीला हात लाव." मला वाटलं आजच्यापुरतं. दुसऱ्या दिवशी हाफ पँट दिसली. तिचं मशीन पुसायचं फडकं झालं होतं. त्या पहाटे अशोक एकटाच पळाला, एकटाच परत आला आणि पहिला आला. आईने अंडं फोडलं. मी चुलीपुढे बसून त्याच्या घशाची हालचाल बघत होते. एवढी वर्षं त्याने माझी बघितली होती.

पुढची दोन-अडीच वर्षं अंडं रोज अशोकचं. चौकटीवर त्याच्या खुणा होत राहिल्या, पण आता त्या एकमेकींवरच पडत होत्या; एकाच जागी लाकूड खरवडून खड्डा झाला. दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी अण्णांना समजावलं होतं, की बाप एवढा, आई एवढी, पोरगा किती वाढणार. अंड्याने ताकद येते, उंची येत नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन अशोकला म्हणाले, "त्येला काय कळतंय? त्यो सोताच गिड्डा हाय."

अठरा पुरी झाल्यावर सांगलीला भरती होती. बापलेक आदल्या दिवशीच एसटीने गेले. अशोकची तयारी अशी होती, की धावण्यात तो पहिल्या दहांत येणार हे गल्लीला माहीत होतं. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत आले. अशोक सरळ मोरीत जाऊन तोंड धूत राहिला, बराच वेळ. तो पळालाच नव्हता. पळायची पाळीच आली नाही. फाटकातून आत गेल्या गेल्या उंचीची दांडी होती. त्याला दीड सेंटिमीटर कमी पडला, खांद्याला धरून बाजूला केलं, पुढचा. पाच वर्षं पुलापर्यंत पळालेला माझा भाऊ त्या मैदानावर एक पाऊलही पळाला नाही.

मी अण्णांना पाणी नेऊन दिलं. ते मशीनपाशी बसले होते, गळ्यात टेप तसाच. त्यांनी पाणी घेतलं नाही. माझ्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, सावकाश. मी तेव्हा पाच फूट सहा इंच होते. मग म्हणाले, "तुज्या अंगावर गेला माजा जवान. तूच खाल्लंस त्येला."

आवाज चढवला नव्हता. माप सांगावं तसं सांगितलं.

वर्षभरात माझं लग्न लावलं. एवढ्या उंच मुलीला स्थळ मिळेना. शेवटी पलूसजवळच्या गावातलं मिळालं. नवरा माझ्यापेक्षा इंचभर कमी आहे, माणूस म्हणून पुष्कळ जास्त. मी सपाट चपला घालते आणि फोटोत बसते. त्याला मी हे सगळं एकदा सांगितलं. तो म्हणाला, "खुळी का काय तू? भाऊ हाय त्यो. मुद्दाम हरत आसंल तुज्यासाटी." ते वाक्य मी धरून ठेवलं. मुद्दाम हरत असेल. तसं असेल तर मी त्याचं काही खाल्लं नाही, त्याने मला दिलं. रात्री झोप लागायला ते पुरायचं.

आणि मग अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली, कात्रीचा हात गेला. दुकान अशोक बघायला लागला. सुट्टीवर आलेल्या जवानांच्या पँटी आता तो आखूड करून देतो. डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना, बसवून ठेवू नका, नाहीतर दुसरी बाजूही आखडेल. आईच्याने ते होईना. मी म्हटलं, मी येते. दर शनिवारी अंगणवाडी आटोपून पलूसहून एसटी पकडायची, रविवारी अण्णांना चालवायचं. सगळे म्हणाले, लेक असावी तर अशी.

कशी ते आईने बघितलंय. खाटेपासून दारापर्यंत बारा पावलं. मी आजाचा मग उंबऱ्यावर ठेवायची. दूध, साखर, अंडं. सायकल आत आणून ठेवली होती, ती धरून मी उभी राहायची आणि घंटा वाजवायची. "उटा अण्णा. दारापतुर. मग मिळंल." त्यांचा पाय फरफटायचा, तोंडातून लाळ यायची, ते मधेच भिंतीला टेकायचे. मी घंटा वाजवायची. एकदा सात पावलांवर त्यांचं धोतर ओलं झालं. ते थांबले, माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "जिंकला न्हाईसा," आणि मगातलं दूध मोरीत ओतलं. आई म्हणाली, "आगं, मानूस हाय त्यो." मी म्हटलं, "मी बी हुते." खोटं का बोलू, मला बरं वाटलं होतं. तेवढंच नव्हतं, औषधही होतंच ते. पाय खरोखर सुधारत होता. अण्णांनी आम्हाला पळवलं तेव्हा त्यांचंही असंच असेल. त्यांच्याही मनात औषध आणि दुसरं काहीतरी एकाच मगात कालवलेलं असेल.

मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. ते वाक्य त्यांनी परत घ्यावं. तूच खाल्लंस. जीभ जड झाली होती तरी शब्द येत होते, पाणी म्हणायचे, आईला हाक मारायचे. एक दिवस मी सरळ विचारलं, "अण्णा, अजून तसंच वाटतंय व्हय? मी खाल्लं त्येला?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले.

शेवटच्या रविवारी ते बारा पावलं एकटे चालले. भिंतीला न टेकता. मी घंटा वाजवायची विसरले. उंबऱ्याशी पोहोचले, चौकट धरून हळूहळू खाली बसले, डाव्या हाताने मग उचलला. प्यायले नाहीत. अशोक दुकानातून जेवायला येत होता, गळ्यात टेप. अण्णांनी मग त्याच्याकडे केला. दूध हिंदकळून त्यांच्या मांडीवर सांडत होतं. "आशक्या... पी. वाडशील... अजून." अशोक बावीस वर्षांचा. मिशा आलेल्या, लग्न ठरलेलं. त्याने मग घेतला, उभ्याउभ्या एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या. अण्णांनी चौकटीकडे बोट केलं. अशोक चपला काढून चौकटीला पाठ लावून ताठ उभा राहिला, टाचा जुळवून. अण्णांचा हात तिथवर पोहोचत नव्हता. ते नुसतं वर बघत राहिले, आणि मी सायकल धरून तिथेच उभी होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. गुरुवारी ते गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आई आत पडली होती. अशोक दुकानातून आणलेल्या सतरंज्यांची घडी घालत होता. मी दुसरं टोक धरलं. घडी घालता घालता विचारलं, कारण समोर बघायला लागत नव्हतं. "अशोक, तू मुद्दाम हरायचास न्हवं?"

मी पुढे बोलले, भराभर, "म्हंजे मला अंडं मिळावं म्हनून. एकदा तरी. खरं सांग."

अशोकने विचार केला. त्याचा स्वभाव तसा आहे, उगाच काही बोलत नाही. मग म्हणाला, "न्हाई सुजे. एकदाबी न्हाई. पाय फुटस्तवर पळायचो." सतरंजीची कड सरळ केली आणि म्हणाला, "मलाच वाटायचं, तू एकदा थांबशील म्हनून. दाराम्होरं रोज वाटायचं. आता थांबंल, आता थांबंल... दुदाची साय काठाला लागलेली आसायची बग, तू ठेवल्यावर. मी त्यो मग विसळाय न्यायचो तवा चाटायचो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने फळीवरचा मग काढला, फडक्याने पुसला, माझ्या पिशवीत घातला. "न्हे. तुजाच हाय त्यो."

तो मग आता पलूसला, आमच्या स्वयंपाकघरात आहे. काठाचा निळा रंग एका जागी उडालाय, तिथे ओठ लागायचा. कुणाचा ते मला माहीत आहे, दोघांचाही. नवरा म्हणतो, अंगणवाडीत ने, खिचडी वाढायला बरा. मी नेत नाही. सकाळी समोरच्या रस्त्याने दूधवाला सायकलवरून जातो, घंटा वाजते, आणि डोळे उघडायच्या आत माझे पाय अंथरुणातून बाहेर आलेले असतात. त्या वेळी अण्णांचा चेहरा आठवत नाही, अशोकचाही नाही. आठवते ती त्या दुधाची चव, आणि ती अजूनही मला गोडच लागते.